टाळीनंतरचा खड्डा

१

संशोधन केंद्रात कुणाचाही कॉम्प्युटर आजारी पडला की वैद्यबुवांना बोलावणं जायचं. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण नाडी बघावी तसे ते आधी यंत्राच्या पाठीवर हात ठेवून पंख्याची घरघर ऐकायचे, मग मालकाला "काय काय होतंय?" असं विचारायचे, आणि त्याचं सांगून संपायच्या आत स्वतःच बोलायला लागायचे. एकदा तोंड उघडलं की मग मिटायचं नाव नाही. कॉम्प्युटर त्यांच्या औषधानं बरा होत नाही, बडबडीला कंटाळून बरा होतो, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे.

विनोद सांगायची तर त्यांना भारी हौस. लोक हसायचेही, निदान काम अडलेलं असेपर्यंत तरी हसायचे. कधीच हसली नव्हती ती एकच व्यक्ती, त्यांच्या सख्ख्या वहिनी. त्या याच केंद्रात तळमजल्यावर संशोधन करायच्या. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा वैद्यबुवा शाळकरी होते. त्यांचं गणित वहिनींनी घोटून घेतलं, तापात त्यांच्या उशाशी वहिनी बसल्या आणि इथल्या नोकरीसाठी अर्ज करायलाही वहिनींनीच मागे लागून लावलं. त्यांच्यासाठी वैद्यबुवांनी उन्हात पाय भाजेपर्यंत उभं राहायला कमी केलं नसतं. पण किस्सा सांगून झाला की वहिनी नुसतं "हं" म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. एकदा तरी वहिनींना खदखदून हसवायचं, असा वैद्यबुवांचा पणच होता.

वहिनींचं काम होतं ऐकण्याचं. धान्याच्या दाण्यात अळी शिरली तरी दाणा बाहेरून धडधाकट दिसतो, आतून मात्र पोखरला जात असतो. ती अळी दाणा कुरतडते तो आवाज वहिनी माइकनं टिपायच्या आणि पोत्यातलं धान्य वेळेवर वाचवता येईल का ते शोधायच्या. त्यासाठी त्यांना मिळाली होती मुकी खोली.

२

मुकी खोली म्हणजे आवाज गिळून टाकणारी खोली. चारही भिंतींना, छताला आणि खालीसुद्धा राखाडी फोमचे लांब लांब सुळके लावलेले. पायाखाली तारांची ताणलेली जाळी, तिच्यावर चालताना गादीवर चालल्यासारखं वाटायचं. दार एवढं जाड की ते ओढायला दोन्ही हात लागायचे, आणि सोडलं की आपलं आपण बंद व्हायचं. दाराशेजारी दुहेरी काचेची एक लहान खिडकी. खिडकीबाहेर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि हेडफोन.

वैद्यबुवांना ही खोली मनापासून आवडायची नाही. तिथे बोललेला शब्द ओठांवरून खाली पडायचा आणि संपायचा. एरवी भिंती माणसाचा आवाज थोडा तरी परत देतात, ही खोली काहीच परत द्यायची नाही. बोलक्या माणसानं अशा जागी करायचं तरी काय?

सोमवारी सकाळी वहिनींनी त्यांना खाली बोलावून घेतलं.

"भावोजी, शुक्रवारी समिती येतेय. खोली माझ्याकडे ठेवायची की स्पीकर तपासणाऱ्यांना द्यायची, हे ठरवायला. आणि माझ्या नोंदीत हे असे खड्डे."

पडद्यावर आवाजाची रेघ होती. मध्येच ती तुटायची आणि पुढे पुन्हा सुरू व्हायची. त्या तुटलेल्या जागेला सगळे खड्डाच म्हणायचे. अळीचा चावा निमिषभराचा. तो नेमका खड्ड्यात पडला तर मोजायचा कुठून?

"समिती म्हणते, अखंड नोंद दाखवा नाहीतर खोली सोडा. मला दुसरीकडे हे काम करता यायचं नाही हो." वहिनींचा आवाज किंचित चिरकला. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

"वहिनी, शुक्रवारपर्यंत एक खड्डा शिल्लक ठेवणार नाही. रस्त्यावरचे बुजवायला सांगू नका म्हणजे झालं."

"हं," वहिनी म्हणाल्या.

३

दोष माइकचा नव्हता, तारेचाही नव्हता. आवाज कॉम्प्युटरकडे घासाघासानं येतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम नेमकी त्या वेळी दुसऱ्या कामात असली की घास खाली सांडतो. तेव्हा सिस्टीम बदलून बघायची, एवढंच वैद्यबुवांच्या हातात होतं. त्यांनी एकाच यंत्रावर तीन सिस्टीम आळीपाळीनं चढवल्या.

पहिलीला ते 'सरकार' म्हणायचे. कुणाचं काय चाललंय याचा विचार न करता मनात येईल तेव्हा ती स्वतःची डागडुजी काढायची. दुसरी 'राणीसाहेब', दिसायला देखणी, पण माहेरच्या वस्तूंशिवाय कुणाशी बोलणार नाही. वहिनींच्या माइकच्या यंत्राला तिनं दोनदा ओळखच दाखवली नाही. तिसरी 'फुकटी'. पैसा लागत नाही, नखरा नाही, मात्र घरातलं सगळं आपल्या हातानं करायला लागतं.

प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला इथे एक टाळी वाजवायची पद्धत होती. माइक दोन होते, आणि दोघांच्या रेघा नंतर एकमेकींवर नेमक्या बसवायला टाळीचा उभा सुळका कामी यायचा. म्हणून वैद्यबुवा आत जाऊन एक खणखणीत टाळी द्यायचे, बाहेर यायचे आणि रिकाम्या खोलीची नोंद सुरू ठेवायचे.

बाकीचे खड्डे त्यांनी इकडची कामं बंद कर, तिकडची सेवा थांबव असं करत सगळ्या सिस्टीममधून घालवले. एकच खड्डा हटेना. टाळीनंतर, घोटभर पाणी प्यायला लागेल एवढ्या वेळानं, रेघ तुटायचीच. सरकारमध्ये तुटली. राणीसाहेबांमध्ये तुटली. फुकटीतही त्याच जागी तुटली.

वैद्यबुवांनी डोकं खाजवलं. तीन वेगवेगळ्या घरच्या तीन सुनांनी एकाच पायरीवर अडखळावं, म्हणजे खोट सुनांत नाही, पायरीत आहे. पण मग त्यांच्या डोक्यानं घाईघाईनं उत्तर शोधून दिलं. टाळीचा आवाज मोठा, त्यानं यंत्र दचकत असेल. त्यावर त्यांनी समाधान मानलं. शिकलेल्या माणसाला समाधान मानायला असं एखादं कारण पुरतं.

४

फुकटीचाच एक कडक अवतार असतो. त्यात आवाजाचं काम पहिलं आणि बाकी सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. वैद्यबुवांनी त्याचं नाव ठेवलं 'हवालदार'. बुधवारी दुपारपर्यंत त्यांनी हवालदाराला कामावर रुजू करून घेतलं, आत जाऊन टाळी दिली, बाहेर येऊन बसले.

रेघ अखंड होती. कुठेही तुटली नव्हती. वैद्यबुवा खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.

"वहिनी! बुजला!"

मग जिथे खड्डा असायचा तिथे त्यांचं लक्ष गेलं. रेघेत तिथे एक बारीकसा सुळका होता. त्यांनी हेडफोन लावले आणि ती जागा ऐकली.

टाळी होती.

त्यांची नव्हे. त्यांची टाळी खणखणीत, दोन्ही पंजे पसरून मारलेली. ही हलकी होती, संकोचाची. भरल्या सभेत एखाद्यानं चुकून एकट्यानंच टाळी वाजवावी आणि लाजून हात खाली घ्यावेत, तशी.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. हवालदार नवीन आहे, जरा सवय होऊ दे," वैद्यबुवा म्हणाले. आणि ती जागा त्यांनी पुन्हा लावून ऐकली.

५

त्यांच्या धंद्याचा एक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि दोष कुणाच्या मागे जातो ते बघायचं. गुरुवारी सकाळपासून त्यांनी तेच केलं. तार बदलली, टाळी होती. माइक बदलला, टाळी होती. दुसऱ्या कॉम्प्युटरवर हवालदाराला बसवलं, तरी टाळी होती. मग अख्खा सरंजाम उचलून त्यांनी वरच्या मजल्यावर, जिथे लोक चहा पितात तिथे नेला आणि सगळ्यांसमोर टाळी वाजवली. तिथे एकच टाळी आली. एकानं विचारलं, "वैद्यबुवा, कुणाचा वाढदिवस?" ते हसले, सरंजाम घेऊन खाली आले आणि पुन्हा मुक्या खोलीत मांडला. टाळ्या दोन.

दोष खोलीच्या मागे जात होता.

प्रतिध्वनी म्हणावं, तर ही जागाच अशी की प्रतिध्वनी नसावा म्हणूनच ती बांधली. शिवाय आत उभं राहून कान टवकारले तरी ऐकू काही येत नव्हतं. आपल्या छातीची धडधड, घशातला आवंढा, बस. टाळी यायची ती फक्त माइकमध्ये. आणि दर वेळी ती जरा लवकर येत होती. पहिल्या वेळी घोटभर पाण्याएवढा अवकाश होता, आता नुसता आवंढा गिळण्याएवढा उरला होता.

दुपारी वहिनी जेवायला गेल्या तेव्हा वैद्यबुवांनी एक वेडेपणा केला. लहान मुलं खेळताना वाजवतात तशा त्यांनी तालात टाळ्या वाजवल्या. टाक टाक, टाक टाक टाक. पुढची, शेवटची, त्यांनी मुद्दाम वाजवली नाही. बाहेर येऊन ऐकलं.

एकच टाळी आली होती. राहिलेली. अगदी तालात.

हेडफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि हात मांडीखाली दाबून धरले. त्यांना खरोखर भीती वाटली. खिडकीतून आतली राखाडी भिंत दिसत होती, सुळक्यांच्या रांगांवर रांगा. याआधी कधी लक्षात आलं नव्हतं, पण दिव्याच्या उजेडात त्या पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेल्या दिसायच्या, एखाद्या मोठ्या सभागृहासारख्या.

६

वहिनींना सांगायचं का? सांगितलं तर दोनच गोष्टी होणार. एकतर त्या म्हणतील, भावोजी, तुमच्या मस्करीची ही वेळ नव्हे. नाहीतर त्यांना खरं वाटेल, आणि मग त्या खोली सोडतील, कामही सोडतील. वैद्यबुवांनी तिसरी वाट काढली. टाळी वाजवली नाही तर उत्तर येत नाही, हे त्यांनी ताडून पाहिलं होतं. मग टाळी हवीच कशाला? त्यांनी माइकच्या तारेतूनच एक विजेची बारीक टिचकी जाईल अशी सोय केली. रेघा जुळवायला ती पुरत होती. खोलीला तिचा पत्ताही लागत नव्हता.

"वहिनी, एक लक्षात ठेवा. आत कुणी टाळी वाजवायची नाही. हवालदाराला चालत नाही."

"का बरं?"

"पोलीस आहे तो. मैफलीत बसवू नये."

"हं," वहिनी म्हणाल्या. पण अखंड रेघ बघून त्यांचा चेहरा असा उजळला होता की वैद्यबुवांना आपण केलं ते बरोबरच केलं असं वाटलं. टाळीसकट सरकारला परत बसवलं असतं तर तो खड्डा मुकाट्यानं तसाच राहिला असता, कुणाला काही ऐकू आलं नसतं, आणि वहिनींची खोली गेली असती. ते काही वैद्यबुवांच्यानं होण्यासारखं नव्हतं.

७

शुक्रवारी समिती आली. एक वयस्कर अध्यक्ष, एक चष्मेवाल्या बाई आणि एक जांभई देणारे गृहस्थ. नोंद सकाळपासून चालूच होती. वहिनींनी माइकखाली एकच दाणा ठेवला, बाहेरचा लहान स्पीकर लावला आणि सगळे कान देऊन बसले.

कुर्र. कुर्र कुर्र.

"हे काय ती खातेय?" जांभईवाल्यांनी जांभई अर्ध्यात सोडून विचारलं.

"हो. आणि दाणा बघा, बाहेरून काही कळतंय का?"

चष्मेवाल्या बाईंनी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघितली आणि मान डोलावली. खड्डा नव्हता. वैद्यबुवांनी लगेच तोंड उघडून तीन सुना आणि पायरीचा दृष्टांत ऐकवला, त्यावर जांभईवाले मनमोकळं हसले.

मग अध्यक्षांना मुकी खोली आतून अनुभवायची हुक्की आली. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती येतेच. वहिनी तिघांना घेऊन आत गेल्या आणि दार आपलं आपण लागलं. नोंद चालू होती. वैद्यबुवांनी स्पीकर बंद करून हेडफोन लावले.

आत जाळीवर पावलं थांबली. सगळे गप्प उभे राहिले. मग अध्यक्षांचा सुका, जवळ आलेला आवाज आला. "बाई, मी खूप कामं बघितली. पण असं काम... शाब्बास! खोली तुमचीच."

वैद्यबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकलं! वहिनींनी जिंकलं! त्यांनी काचेतून वहिनींकडे बघितलं, आणि त्यांना अध्यक्षांचे दोन्ही हात वर येताना दिसले.

"नको!" ते ओरडले. काच दुहेरी होती.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या, जांभईवाल्यांनीही वाजवल्या. वहिनी संकोचून हसत उभ्या होत्या. टाळ्या थांबल्या.

उत्तर यायला वेळ लागला नाही. आधी ती ओळखीची, संकोचाची एक. तिच्या शेजारी दुसरी. मग मागून, वरून, बाजूंनी, पायऱ्यापायऱ्यांवरून, तुडुंब भरलेल्या सभागृहानं उठून वाजवाव्यात तशा टाळ्या. वैद्यबुवांच्या कानाचे पडदे थरथरले. काचेपलीकडे चार माणसं शांतपणे बोलत उभी होती, आणि अध्यक्ष फोमच्या सुळक्याला बोट लावून बघत होते.

८

समितीचे तिघे बाहेर आले, हसत, एकमेकांशी बोलत जिन्याकडे गेले. वैद्यबुवांच्या कानातला गजर अजून चालू होता. मग तो एकदम थांबला. कुणी बोलायला उभं राहिलं की सभा थांबते तसा. ती शांतता रिकाम्या खोलीची नव्हती. तिच्यात कुणीतरी घसा साफ केला.

वहिनी अजून आतच होत्या.

वैद्यबुवांनी हेडफोन टेबलावर भिरकावले आणि दोन्ही हातांनी दार ओढलं. वहिनी जाळीवर वाकून काहीतरी शोधत होत्या.

"वहिनी, बाहेर या."

"अहो, दाणा पडला माझ्या हातून. जाळीत अडकलाय कुठेतरी. अळी जिवंत आहे आत, तशी टाकून येऊ? तुमचा चेहरा असा काय पांढरा पडलाय?"

"दाणा मी शोधतो. तुम्ही या."

"तुमच्या एका पायानं जाळी हलेल आणि दाणा खाली जाईल. तिथेच थांबा, दार धरा."

वहिनींनी एकदा ठरवलं की संपलं, हे वैद्यबुवांना शाळेपासून माहीत होतं. त्यांनी दाराला पाठ लावली. उत्तर येतं ते आपण थांबल्यावर, हे त्यांना या आठवड्यात पुरतं कळलं होतं. मग थांबायचंच नाही! उभ्या आयुष्यात आपलं तोंड कामाला आलं नाही, ते आज येऊ दे. त्यांनी बोलायला सुरुवात केली. सरकारची गोष्ट सांगितली, राणीसाहेबांच्या माहेरची सांगितली, दादानं, वहिनींच्या नवऱ्यानं, कॉम्प्युटरवर दुधाचा पेला उपडा केला होता ती सांगितली. शब्द ओठांवरून खाली पडत होते, तरी ते एकापुढे एक टाकत गेले.

"हं," वहिनी मधूनमधून म्हणत होत्या, आणि जाळीवर बोटं फिरवत होत्या.

पण श्वास तर घ्यावाच लागतो. वैद्यबुवांनी तो घेतला, आणि मागे टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून एक बारीक, दाटीचा आवाज आला. तो त्यांनी लगेच ओळखला. जन्मभर ते त्याचीच वाट बघत आले होते.

आतलं न दिसणारं सभागृह हसत होतं.

वैद्यबुवांचे गोष्टींचे साठे संपले. त्यांनी आयत्या वेळी एक नवीच रचायला घेतली. "वहिनी, ऐका. एक वैद्य असतो. त्याच्याकडे एक खोली येते. म्हणते, वैद्यबुवा, मला ऐकू येत नाही. वैद्य म्हणतो, बघू..." पुढे काय, ते अजून त्यांना स्वतःलाही सुचलं नव्हतं. गोष्टीला शेवट नव्हताच.

हेडफोनमध्ये हशा फुटला. आणि त्याच क्षणी, दाणा चिमटीत धरून, वहिनी खदखदून हसल्या.